हिवाळ्यात सोलरचे पाणी कोमट का येते आणि दोष नेमका कुठे शोधावा

नोव्हेंबर सरत आला की पुणे-नाशिककडच्या सोसायट्यांमध्ये एकच तक्रार पुन्हा सुरू होते: सोलरला गरम पाणी येत नाही. उन्हाळ्यात याच नळाचे पाणी हाताला चटका देत असते आणि पावसाळ्यात ढग असताना पाणी कोमट आले तरी कोणी फारसे मनावर घेत नाही. नेमकी गरज असते त्या डिसेंबर-जानेवारीत मात्र बादली भरत आली तरी नळाखालचा हात गारच राहतो. मग कमिटी मेंटेनन्सवाल्याला बोलावते, तो गच्चीवर जाऊन सोलरच्या, ज्यांत पाणी तापते त्या काचेच्या नळ्या पुसतो, फुटलेल्या नळ्या बदलतो, बिल देतो आणि पुढच्या हिवाळ्यात तीच तक्रार जशीच्या तशी उभी राहते. याचे कारण असे की बऱ्याच इमारतींत मुख्य दोष गच्चीवर नसतो. तो खालच्या पाइपांत, डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) किंवा एखाद्या कुलूपबंद फ्लॅटच्या बाथरूममध्ये असतो आणि तिथपर्यंत तपासणी पोहोचतच नाही.

पुढे दिलेला क्रम गच्चीवर सामाईक सोलर असलेल्या इमारतींसाठी आहे. स्वतंत्र बंगल्यात किंवा रो-हाउसमध्येही तो बहुतांशी लागू पडतो; फक्त शेजाऱ्यांच्या नळांचा भाग तेवढा वगळावा. नव्या घरात राहायला जाणाऱ्यांनी शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल, कारण त्यातील काही गोष्टी करारावर सही होण्यापूर्वीच पाहायच्या आहेत.

सूर्याकडे बोट दाखवण्यापूर्वी

हिवाळ्यात ऊन कमी असते म्हणून पाणी तापत नाही, हे स्पष्टीकरण सर्वांत आधी ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. पश्चिम महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीचे आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात माध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून साधारण ४८ अंश उंचीवर असतो. दक्षिणेकडे तोंड करून नीट तिरक्या बसवलेल्या नळ्यांना हे ऊन चांगले मिळते. चांगल्या स्थितीतील यंत्रणा अशा दिवसांतही संध्याकाळपर्यंत टाकीतले पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊ शकते. १०० लिटर पाणी १८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ५ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि एवढी उष्णता हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी मिळते.

हिवाळ्यात खरा फरक पडतो तो थंड पाण्यामुळे. मे महिन्यात गच्चीवरच्या साध्या टाकीतले पाणी मुळातच कोमट असते, तर जानेवारीच्या पहाटे ते १५ अंशांपर्यंत उतरते. अंघोळीचे पाणी ४० अंशांचे हवे असे धरले, तर २० लिटरची बादली भरण्यासाठी ६० अंशांचे सोलरचे पाणी किती लागेल याचा हिशेब सरळ आहे. थंड पाणी २५ अंशांचे असेल तर साडेआठ लिटर गरम पाणी पुरते. तेच १५ अंशांचे असेल तर ११ लिटर लागते. म्हणजे कोणाच्याही सवयीत काही बदल न होता इमारतीची गरम पाण्याची मागणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. त्यातच थंडीमुळे माणसे अधिक वेळ पाण्याखाली उभी राहतात.

बादली आणि शॉवर यांतला फरक याच हिशेबात येतो. मिनिटाला ९ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे अंघोळ केली तर सुमारे ७० लिटर पाणी जाते आणि त्यासाठी ६० अंशांचे जवळपास ४० लिटर पाणी लागते. प्रत्येक फ्लॅटमागे १०० लिटर धरून बसवलेल्या सोलरमध्ये चौघांच्या बादलीच्या अंघोळी आरामात होतात, तिसऱ्या शॉवरला मात्र पाणी संपते. अशा घरातून आलेली तक्रार यंत्रणेच्या बिघाडाची नसून क्षमतेची असते आणि कितीही नळ्या पुसल्या तरी ती मिटणार नाही. म्हणून तक्रार नोंदवून घेताना कमिटीने घरात किती माणसे आहेत, शॉवर वापरतात की बादली आणि पाणी किती वाजता घेतात एवढे तरी लिहून घ्यावे.

आधी थर्मामीटर, मग पाना

तपासणीची सुरुवात तापमान मोजण्यापासून करावी, कारण हाताने पाहिलेले गरम आणि कोमट प्रत्येकाचे वेगळे असते. साधा स्वयंपाकघरातला किंवा प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणि एक थर्मासचा मग एवढी सामग्री पुरते. मोजायचे ते दोन वेळा: आदल्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणीही नळ सोडण्यापूर्वी. ठिकाणे तीन: सोलर टाकीतून गरम पाणी बाहेर पडते तिथला कॉक, सर्वांत वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट आणि ज्याची तक्रार आहे तो फ्लॅट. फ्लॅटमध्ये मोजताना नळ सोडल्यापासून पाणी गरम व्हायला किती बादल्या गेल्या तेही लिहावे.

या आकड्यांवरून दिशा लगेच ठरते. संध्याकाळीच टाकीत पाणी तापलेले नसेल तर दोष नळ्यांत, सावलीत किंवा गाळात आहे. संध्याकाळी ५८ अंश आणि पहाटे ५३ अंश असा फरक असेल तर तो स्वाभाविक आहे, कारण टाकीच्या भोवती पफचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचे, जाड आवरण असले तरी रात्रभरात थोडी उष्णता जातेच. संध्याकाळी ५८ आणि पहाटे ४० असे आले तर रात्रीतून कुठून तरी गरम पाणी बाहेर जाते आहे किंवा थंड पाणी आत येते आहे. आणि टाकीशी पहाटे ५३ अंश असूनही फ्लॅटमध्ये कोमट पाणी येत असेल तर गच्चीवरच्या माणसाला परत पाठवून प्लंबरला डक्टमध्ये उतरवणे योग्य. एवढी नोंद केली की मेंटेनन्सवाला आणि प्लंबर एकमेकांवर ढकलाढकल करू शकत नाहीत, हाही तिचा मोठा उपयोग आहे.

संध्याकाळीच पाणी तापलेले नसेल तर

प्रथम सावली पाहावी आणि ती हिवाळ्यातच पाहावी. जूनमध्ये पुण्याचा माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेकडची उंच टाकी, लिफ्टची खोली किंवा शेजारी नव्याने उभी राहिलेली इमारत यांची सावली तेव्हा नळ्यांवर पडत नाही. डिसेंबरमध्ये एक मीटर उंचीच्या कठड्याची सावली भर दुपारीही सुमारे ९० सेंटिमीटर उत्तरेकडे पडते आणि सकाळी ९ च्या सुमारास ती कठड्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब असते. उन्हाळ्यात गच्ची पाहून सगळे ठीक असल्याचा दाखला देणाऱ्यांना ही सावली दिसलेलीच नसते. गच्चीवर कोणी नव्याने टाकी वाढवली असेल, मोबाइल टॉवरची खोली आली असेल किंवा सोलर पॅनेलची वेगळी चौकट उभी केली असेल तर तिच्याकडे आधी पाहावे.

नळ्यांची परीक्षा डोळ्यांनी आणि हाताने होते. दुहेरी काचेच्या नळीच्या बंद टोकाला आतून आरशासारखा रुपेरी मुलामा असतो. काचांमधली निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चकचकीत राहतो; बारीक तडा जाऊन हवा आत शिरली की तो दुधी पांढरा पडतो. अशी नळी फुटलेली दिसत नाही, गळतही नाही, म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते आणि दिवसा मिळवलेली उष्णता बाहेरच्या हवेला देत राहते. टोक चौकटीच्या टोपीत झाकलेले असेल तर दुपारी नळीच्या बाहेरच्या काचेला हलकेच हात लावून पाहावा. आत पाणी उकळायला आलेले असले तरी चांगल्या नळीची बाहेरची काच फारशी तापत नाही. जी नळी शेजारच्या नळ्यांपेक्षा स्पष्टपणे गरम लागते ती बदलण्याच्या यादीत घालावी.

धुळीचा थर हा मोठा दोष नसला तरी बांधकामे चालू असलेल्या भागात हिवाळ्यात तो लवकर जमतो. नळ्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच धुवाव्यात. याहून महत्त्वाची सूचना रिकाम्या नळ्यांची आहे. टाकी रिकामी होऊन नळ्या उन्हात कोरड्या राहिल्या तर आतले तापमान २०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि अशा वेळी घाईने थंड पाणी सोडले तर काच तडकते, एकामागून एक अनेक नळ्या जाऊ शकतात. पाणी बंद झाल्याचा दिवस आणि मग टँकर आल्यावर भर दुपारी उघडलेला व्हॉल्व्ह, हा नळ्या फुटण्याचा नेहमीचा प्रसंग आहे. टाकी रिकामी झाली असेल तर सूर्य मावळेपर्यंत थांबावे किंवा नळ्यांवर ताडपत्री टाकून त्या निवल्यावरच पाणी भरावे. ही सूचना वॉचमनच्या खोलीत आणि पंपापाशी लिहून लावावी, कारण व्हॉल्व्ह प्रत्यक्षात उघडणारा माणूस तिथे असतो.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत, म्हणजे पुण्याच्या वाघोली, उंड्री यांसारख्या भागांत, क्षार आणि गाळ हा वेगळा विषय होतो. नळी तिरकी असल्याने गाळ तिच्या खालच्या टोकाशी बसतो, तिथपर्यंत पाण्याचे फिरणे थांबते आणि तेवढी लांबी कामातून जाते. क्षारांचा थर थंड पाणी आत येण्याच्या तोंडाशी बसला तर टाकी भरायलाच वेळ लागतो. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या आधी, नळ्या काढून गाळ झाडून घ्यावा, रबरी रिंगा नव्या बसवाव्यात आणि टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला आहे का ते पाहावे. तो रॉड स्वतः झिजून टाकीचे गंजणे लांबवतो; तो संपल्यानंतर टाकी गळू लागते आणि तेव्हा दुरुस्तीऐवजी टाकीच बदलावी लागते.

टाकीत पाणी गरम, फ्लॅटमध्ये गार

हा या लेखातला मुख्य भाग आहे, कारण दरवर्षी परत येणारी तक्रार बहुधा इथलीच असते.

थंड पाण्याची मोठी टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर असते, कारण तिच्यातूनच सोलरमध्ये पाणी उतरते. वरच्या मजल्यांना दाब मिळावा म्हणून अनेक इमारतींत थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंपही बसवलेला असतो. परिणामी थंड लाइनमधला दाब गरम लाइनपेक्षा जास्त राहतो. इमारतीत जिथे कुठे या दोन लाइन एकमेकींना उघड्या मिळतील तिथे थंड पाणी गरम पाइपात शिरते आणि त्या उभ्या लाइनवरच्या सगळ्यांना कोमट पाणी येते. ज्याच्या घरात हा जोड आहे त्याला मात्र बहुधा कसलीच अडचण जाणवत नाही, कारण तो गीझर वापरत असतो.

हे जोड कुठे असतात ते प्लंबर मंडळींना ठाऊक असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. शॉवरच्या मिक्सरचे गरम आणि थंड असे दोन्ही नॉब उघडे ठेवून पाणी हँड शॉवरच्या खटक्यावर बंद करण्याची सवय असेल, तर मिक्सरच्या आत दोन्ही लाइन दिवसरात्र जोडलेल्या राहतात. एका दांडीच्या मिक्सरचे आणि भिंतीतल्या डायव्हर्टरचे आतले कार्ट्रिज झिजले तर नळ बंद दिसत असतानाही तेच होते. दुसरा आणि फार आढळणारा प्रकार गीझरचा आहे. सोलरची लाइन आणि गीझरमधून बाहेर येणारी लाइन टी लावून एकत्र केलेली असते आणि दोन्हींचे कॉक कायम उघडे असतात. गीझर बंद असताना थंड पाणी त्याच्यातून सरळ आरपार जाऊन सोलरच्या लाइनला मिळते. तिसरा प्रकार घर सोडून गेलेल्यांचा. गीझर काढून नेताना भिंतीवरच्या दोन पॉइंटना बूच बसवण्याऐवजी प्लंबर एक कनेक्शन पाइप लावून ते एकमेकांना जोडून टाकतो, म्हणजे गरमच्या नळालाही पाणी येत राहते. मग त्या फ्लॅटला कुलूप लागते आणि सगळी विंग वर्षभर सोलरवाल्याला नावे ठेवत राहते.

आपल्या घरातला जोड शोधणे सोपे आहे. बाथरूममध्ये येणाऱ्या सोलर लाइनचा कॉक पूर्ण बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ सोडावा. पाइपात उरलेले पाणी संपून नळ थांबला तर ठीक. धार चालूच राहिली तर ते पाणी थंड लाइनमधून येते आहे. मग गीझरचे दोन्ही कॉक बंद करून पाहावे, त्यानंतर मिक्सरचे अँगल कॉक एकेक बंद करावे. ज्या कॉकने धार थांबेल तिथे जोड आहे.

सबंध इमारतीसाठी हीच कृती मोठ्या प्रमाणावर करावी लागते. रात्री अकरानंतर, आधी सर्वांना सूचना देऊन, गच्चीवरचा त्या विंगचा गरम पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि खालच्या मजल्यावर एक गरम नळ सोडून ठेवावा. उभ्या पाइपातले पाणी निघून गेल्यावरही नळ जोरात वाहत राहिला तर कुठल्या तरी फ्लॅटमधून थंड पाणी आत शिरते आहे हे नक्की झाले. आता डक्टमध्ये प्रत्येक फ्लॅटकडे जाणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह वरून खाली क्रमाने बंद करत यावे. ज्या व्हॉल्व्हनंतर धार एकदम क्षीण होते तो फ्लॅट सापडला. जोड एकाहून जास्त असू शकतात, म्हणून धार पूर्ण थांबेपर्यंत क्रम सोडू नये. काम संपल्यावर मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि वरच्या मजल्यावरचे एक-दोन गरम नळ तेवढा वेळ उघडे ठेवावेत. नाही तर पाइपात हवा अडकते आणि सकाळी एअर लॉकची नवी तक्रार येते.

कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या शाखेवर एन.आर.व्ही. बसवणे. हा एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो; घरात कितीही जोड असले तरी त्या घरातले थंड पाणी सामाईक लाइनमध्ये परत जात नाही. एखाद्या घराला दंड लावण्यापेक्षा किंवा सूचनाफलकावर नावे लिहिण्यापेक्षा सर्वांसाठी एकदाच हा खर्च करणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण जोड ठेवणाऱ्याला तो आहे हे बहुतेक वेळा माहीतच नसते. व्हॉल्व्ह गरम पाण्यासाठी चालणारा, पितळी घ्यावा. क्षार असलेल्या पाण्यात तो अडकू शकतो, म्हणून शेजारी साधा कॉक ठेवून तो काढून साफ करण्याची सोय ठेवावी.

लांब पाइपांतले गार पाणी

कधी कधी दोष असा काहीच नसतो, अंतर असते. पाऊण इंची सी.पी.व्ही.सी. पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावते आणि एक इंचीमध्ये ०.४ लिटरहून थोडे जास्त. अकरा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत उभा आणि आडवा मिळून ३५ मीटर पाइप धरला तर सुमारे १५ लिटर पाणी त्यातच उभे असते. रात्रभरात ते गार होते आणि पहाटे पहिला नळ सोडणाऱ्याच्या वाट्याला येते. ते ओतून न देता बादलीत धरून धुण्याभांड्याला वापरावे, एवढे तर प्रत्येक घर करू शकते.

गच्चीवरच्या उघड्या पाइपांना काळ्या नायट्रिल फोमचे वेष्टण असते. उन्हापावसाने ते दोन-तीन वर्षांत भुगा होऊन गळून पडते आणि नवे बसवण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. बोटाने दाबून पाहिल्यावर फोमचे तुकडे हातात येत असतील तर तो बदलावा आणि त्यावर ऊन सोसणारे आवरण किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा चढवावा. डक्टमधला उभा पाइपही वेष्टणातच असायला हवा; अनेक इमारतींत तो उघडाच सोडलेला असतो.

मोठ्या सोसायट्यांत गरम पाणी पाइपांतून फिरवून परत टाकीत आणणारा पंप असतो, त्यामुळे नळ सोडताच गरम पाणी मिळते. तो टायमरवर पहाटे थोडा वेळच चालायला हवा. वीज गेल्यानंतर टायमरचे घड्याळ मागे पडते किंवा कोणी तरी पंप कायमचा चालू करून ठेवतो. मग टाकीतली उष्णता रात्रभर भिंतींना वाटली जाते. संध्याकाळी ५८ आणि पहाटे ४० असे आकडे आले तर मिक्सरांच्या जोडीने हे घड्याळही पाहावे.

एअर लॉकचे लक्षण वेगळे असते: पाणी गार नसते, ते येतच नाही किंवा फुसफुसत थेंबथेंब येते. टाकी एकदा रिकामी झाल्यानंतर किंवा आडव्या पाइपाला मध्येच उंचवटा असल्यास हे होते. उंचवट्यावर हवा काढण्याची नळी बसवावी. टाकीच्या डोक्यावरचा उघडा व्हेंट पाइप घरटी, पालापाचोळा किंवा कोणी लावलेल्या बुचाने बंद तर झालेला नाही ना, तेही पाहावे. तो बंद असताना पाणी उपसले गेले तर टाकीचा पत्रा आत ओढला जाऊन तिला पोचा पडू शकतो.

तोवर गरम पाण्याची सोय, आणि गॅस गीझरबद्दल

दुरुस्ती होईपर्यंत अंघोळी थांबत नाहीत. सोलर टाकीत विजेचा हीटर असेल तर तो संध्याकाळी लावू नये. २ किलोवॉटचा हीटर २०० लिटरच्या टाकीतले पाणी सुमारे ७० मिनिटांत १० अंशांनी वाढवतो, म्हणून तो पहाटे चारच्या सुमारास टायमरने सुरू केला तरी पुरते आणि रात्रीची उष्णता वाया जात नाही. घरात साठवणीचा गीझर असेल तर सर्वांत चांगली रचना म्हणजे सोलरचे पाणीच गीझरच्या आत सोडणे आणि थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवणे. पाणी पुरेसे गरम आले तर हीटर चालूच होत नाही आणि कोमट आले तर फरकापुरतीच वीज जाते. बादलीत टाकायचा रॉड शक्यतो वापरू नये. वापरावाच लागला तर घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करावी आणि बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्याला हात लावू नये.

गॅस गीझरविषयी मला अधिक आग्रहाने लिहावे लागेल. सोलर चालत नाही म्हणून अनेक घरांत हिवाळ्याच्या तोंडावर घाईने गॅस गीझर येतो आणि जागा नसल्याने तो बाथरूममध्येच टांगला जातो. सहा लिटरच्या गीझरची ज्योत शेगडीच्या चार-पाच मोठ्या बर्नरांइतकी उष्णता देते आणि त्याच प्रमाणात खोलीतला प्राणवायू घेते. बाहेर थंडी असल्याने दार बंद, खिडकीच्या काचपट्ट्या बंद, एक्झॉस्ट फॅन बंद, अशा लहान खोलीत काही मिनिटांतच जळण अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वासही नाही. डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते आणि दाराची कडी काढण्याइतकेही भान राहत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्यांत तरुण, धडधाकट माणसे असतात.

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळी हवा असलेल्या ड्राय बाल्कनीत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीसहच बसवावा. आज तो बाथरूममध्ये असेल तर जागा बदलेपर्यंत वापर थांबवावा. खिडकी उघडी ठेवतो एवढ्यावर भिस्त ठेवू नये, कारण पाहुणे आलेले असताना किंवा मुले अंघोळीला गेली असताना ती बंद होते. निळ्याऐवजी पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर गीझर लगेच बंद करून तपासून घ्यावा. आत गेलेल्या माणसाकडून उत्तर आले नाही तर दार तोडायला वेळ लावू नये, त्याला मोकळ्या हवेत आणावे, सिलिंडर बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घर घेताना, भाड्याने घेताना आणि सोडताना

फ्लॅट दाखवायला एजंट बहुधा दुपारी किंवा सुटीच्या दिवशी अकरा वाजता नेतो. त्या वेळी सोलरचे पाणी गरमच लागते आणि त्यावरून काहीच कळत नाही. हिवाळ्यात घर घेत असाल तर सकाळी सात वाजता एकदा जाण्याचा आग्रह धरावा, गरम नळ सोडून बादली लावावी आणि किती पाण्यानंतर ते तापते ते पाहावे. सोलरची लाइन कोणत्या बाथरूममध्ये आहे हे विचारावे. अनेक इमारतींत ती एकाच बाथरूममध्ये दिलेली असते आणि दुसऱ्यात गीझरशिवाय पर्याय नसतो. पाणी ठरावीक वेळेतच सोडले जाते का, फ्लॅटमागे किती लिटर धरले आहे, देखभालीचा वार्षिक करार आहे का, हे मालकापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीकडून अधिक खात्रीने कळते. पुणे महापालिका चालू स्थितीतील सोलरसाठी मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे यंत्रणा नुसती गच्चीवर उभी आहे की चालते आहे, हा प्रश्न बिलाशीही जोडलेला आहे.

नव्या इमारतीत पझेशन घेतल्यावर पहिल्या हिवाळ्यात गरम पाणी कमी येण्याचे कारण पुष्कळदा बांधकामाचा कचरा असतो. पाइप कापताना पडलेले प्लास्टिकचे चुरे, वाळू आणि सिमेंट मिक्सरच्या जाळीत अडकतात आणि गरम पाण्याची बारीक धार येते. जाळी काढून धुतली की धार सुटते. शेजारचे फ्लॅट रिकामे असतील तर लाइन कमी वाहते, पाइपांत पाणी उभे राहते आणि कामगारांनी उघडे सोडलेले मिक्सर तसेच असतात. बिल्डरच्या माणसाला सांगून न विकल्या गेलेल्या सर्व फ्लॅटचे गरम पाण्याचे व्हॉल्व्ह डक्टमध्येच बंद करून घ्यावेत.

घर सोडताना गीझर उतरवला तर दोन्ही पॉइंटना बूच बसवून घ्यावीत, कॉक बंद करावेत आणि मिक्सरचे नॉब बंद असल्याचे स्वतः पाहावे. सामान टेम्पोत चढत असताना हे विसरण्याचा संभव मोठा असतो, म्हणून ते आदल्या दिवशीच उरकावे. नव्या घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच प्लंबरला घेऊन डक्टचे दार उघडावे, आपल्या फ्लॅटचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह कोणता आणि थंड पाण्याचा कोणता ते बंद-चालू करून ओळखून घ्यावे आणि दोन्हींवर ऑइलपेंटने फ्लॅटचा क्रमांक घालून ठेवावा.